पाचवीचा पावसाळी आठवडा : एका पर्जन्यमापकाभोवती सहा दिवस, सगळे विषय

पाचवीचा वर्ग पहिल्यांदाच हाती आला की प्रशिक्षणात ‘विषयांची सांगड घाला’ हे हमखास ऐकायला मिळते. मग ‘पाऊस’ हा विषय निवडला जातो. मराठीच्या तासाला पावसाची कविता होते, गणितात थेंबांच्या चित्रांची बेरीज होते, चित्रकलेत छत्री रंगवली जाते. वर्ग छान सजतो, पण त्या बेरजेला पावसाची गरज नसते आणि पाऊस समजायला त्या बेरजेचा काही उपयोग नसतो. सांगड खरी केव्हा? मुलांनी स्वतः मोजलेला एक आकडा एका तासिकेतून दुसरीत जातो आणि त्याच्यावाचून पुढचे काम अडते, तेव्हा. पुढचा आठवडा त्याच पद्धतीने बांधला आहे.

गृहीत धरलेला वर्ग असा : जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीची तीसेक मुले, दिवसाला आठ तासिका, शनिवारी सकाळची शाळा. महिना जुलै. चौथी-पाचवी एकत्र बसत असतील तरी सगळे जमते. मोजण्याची कामे एकत्र घ्यायची आणि लेखनाची अपेक्षा तेवढी वेगळी ठेवायची.

या कामाला आठपैकी तीनच तासिका द्या. उरलेल्या पाच तासिकांत पाठ्यपुस्तक नेहमीप्रमाणे चालू द्या. नवे शिक्षक उत्साहाच्या भरात आठही तासिका पावसाला देतात. बुधवारपर्यंत मुले कंटाळतात, अभ्यासक्रम मागे पडतो आणि केंद्रप्रमुखांनी विचारले तर सांगायला अडचण होते. रोजच्या पाठाच्या टाचणात ‘पाऊस प्रकल्प’ असे मोघम लिहू नका. त्या तासिकेचा विषय, घटक आणि अध्ययन निष्पत्ती नेहमीसारखी लिहा आणि साहित्याच्या रकान्यात ‘वर्गाची पाऊस नोंद’ लिहा.

आधीची तयारी

मुलांचे सहा-सहांचे पाच गट करा. पर्जन्यमापक, म्हणजे पाऊस मोजायचे साधन, बनवायला प्रत्येक गटाला शीतपेयाची दोन लिटरची बाटली लागेल. बाटलीच्या बाजू सरळ उभ्या हव्यात. मध्ये कमरेसारखी खोलगट असलेली बाटली बाजूला ठेवा, कारण तिच्यात पाणी सारख्या वेगाने चढत नाही आणि पट्टीवरचा आकडा खोटा ठरतो. एक लिटरची एक बाटलीही ठेवा, तिचे काम पुढे येईल. याशिवाय मूठमूठभर खडे, आलेख कागद, रुंद पारदर्शक चिकटपट्टी, मोजपट्ट्या, मिलिलिटरच्या खुणा असलेले मापपात्र, दहा मीटर नायलॉनची दोरी आणि सपाट तळाचा, उभ्या बाजूंचा साधारण ४० सेंमी × २५ सेंमीचा ट्रे जमवा.

काळी माती, मुरमाड माती आणि वाळू प्रत्येकी दोन-तीन किलो आणून व्हरांड्यात चार-पाच दिवस पसरून ठेवा. हे आधीच केले नाही, तर बुधवारी तिन्ही नमुने ओलेचिंब असतील आणि प्रयोगातून काहीच हाती लागणार नाही.

पाचवीत दशांश अपूर्णांक पुस्तकात बरेच पुढे येतात, म्हणून जुलैतल्या सगळ्या नोंदी पूर्ण मिलिमीटरमध्ये घ्या. क्षेत्रफळाचे सूत्रही अजून शिकवलेले नसते, तिथे चौरस मोजून काम भागते. ‘त्यातच दशांशही उरकून घेऊ’ हा मोह टाळा. नोंद कच्ची राहते आणि दशांशही कच्चा राहतो.

सोमवार : पर्जन्यमापक

पहिल्या तासिकेत फळ्यावर आठवड्याचा प्रश्न लिहा : ‘आपल्या वर्गाच्या छपरावर या आठवड्यात किती पाणी पडेल?’ प्रत्येक मुलाने अंदाज वहीत लिहायचा आणि खाली तारीख टाकायची. कोणी शंभर बादल्या लिहील, कोणी एक टँकर. काहीही खोडू नका. शनिवारी याच अंदाजाकडे परत यायचे आहे.

पुढच्या दोन तासिका कार्यानुभवाच्या. बाटलीचा खांदा संपून उभी बाजू सुरू होते, तिथे आडवा काप द्या. कटर शिक्षकांच्याच हातात असावा. कडेला चिकटपट्टी लावा, नाहीतर बोट कापते. वरचा तुकडा झाकण काढून उलटा करून खालच्या भागात नरसाळ्यासारखा बसवा. या बाटल्यांचा तळ खाचांचा असतो, तिथून मोजायला सुरुवात करता येत नाही. म्हणून आधी तळाशी खडे टाका, मग खाचा आणि खडे पूर्ण बुडून पाणी उभ्या भागात येईल इतके पाणी ओता. त्या पातळीवर शून्याची रेघ मारा. रेघेच्या वर एकही खडा डोकावता कामा नये, कारण तो जागा अडवतो आणि पाऊस होता त्याहून जास्त दिसतो. शून्यापासून वर आलेख कागदाची मिलिमीटरची पट्टी लावा आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी पूर्ण गुंडाळा. कागद नुसता डकवला तर पहिल्याच सरीत गळून पडतो.

एक लिटरच्या बाटलीचाही असाच मापक करून दोन लिटरच्या मापकाशेजारी ठेवा आणि विचारा, ‘जास्त मिलिमीटर कशात भरतील?’ बहुतेक मुले मोठ्या बाटलीकडे बोट दाखवतात. दोन्हींत पाणी सारख्याच उंचीपर्यंत चढते. मोठ्या बाटलीत पाणी जास्त पडते, पण ते पसरतेही जास्त जागेत. ही गोष्ट तोंडी समजावून पटत नाही, दोन बाटल्या पाहून पटते. नरसाळे मात्र त्याच बाटलीचे हवे. बाजारातले रुंद तोंडाचे नरसाळे बसवले, तर जास्त जागेवरचा पाऊस अरुंद बाटलीत गोळा होतो आणि आकडा फुगतो.

जागा निवडताना मुलांना सोबत घ्या. झाड किंवा भिंत जितकी उंच, तिच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावा. झाडाखाली पाने आधी पाऊस अडवतात आणि सर थांबल्यावर थेंब टपकत राहतात. मापकाचे तोंड जमिनीपासून सुमारे ३० सेंमी उंच ठेवा, नाहीतर जमिनीवरून उडालेले शिंतोडे आत जातात. चार विटांच्या मधे बाटली घट्ट बसवली की वाऱ्याने पडत नाही.

मोजण्याची वेळ हा सगळ्यात चुकणारा भाग आहे. भारतीय हवामान विभागाच्या रोजच्या नोंदी सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० अशा असतात. शाळेजवळ राहणारी दोन मुले आणि कोणीतरी मोठे माणूस ८.३० ला येऊ शकत असतील, तर तीच वेळ धरा, म्हणजे तालुक्याच्या आकड्याशी तुलना करता येईल. जमत नसेल तर परिपाठानंतर लगेच मोजा. शनिवारी शाळा सकाळची असल्याने परिपाठाची वेळ बदलते, त्या दिवशीची नोंद पूर्ण २४ तासांची नसते. आकड्याशेजारी ‘इतक्या तासांची’ असे लिहायला लावा. तसेच पुढच्या सोमवारी मोजलेला आकडा शनिवारपासूनचा असेल, तो एका दिवसाच्या रकान्यात टाकू नका.

मंगळवार : मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

पहिली नोंद आज मिळेल. पट्टी वाचताना डोळा पाण्याच्या पातळीला आणावा लागतो. मुले उभी राहून वरून पाहतात आणि दोन-तीन मिलिमीटर चुकतात. गटातल्या तिघांनी वेगवेगळे वाचायचे, कागदावर लिहायचे, मग एकमेकांना दाखवायचे. आकडे जुळले नाहीत तर पुन्हा वाचायचे. नोंद झाली की पाणी पुन्हा शून्याच्या रेघेपर्यंत आणायचे. जास्त असेल तर ओतायचे, कोरड्या दिवशी वाफ होऊन पातळी खाली गेली असेल तर भरायचे.

आता गणिताची तासिका. ट्रे व्हरांड्यात समतल ठेवा. ४० × २५ चा ट्रे म्हणजे एक सेंटिमीटरचे १००० चौरस. एक मीटर लांब-रुंद चौकटीत असे १०,००० चौरस मावतात, म्हणजे बरोबर दहा ट्रे. ट्रेमध्ये एक लिटर पाणी ओता आणि मोजपट्टी उभी धरा : पाणी १० मिलिमीटर चढते. दहा ट्रे भरायला दहा लिटर लागतील, म्हणजे एका मीटरच्या चौकटीवर १० मिलिमीटर पावसाचे १० लिटर पाणी झाले. म्हणून १ मिलिमीटरला १ लिटर. हे मुलांनी स्वतः काढू द्या, फळ्यावर आयते लिहू नका. एक मिलिमीटरचाच थर ओतून दाखवायला जाऊ नका, इतके थोडे पाणी ट्रेमध्ये सारखे पसरतच नाही. ट्रेचा तळ कडेपेक्षा लहान असेल तर आतून तळाचेच माप घ्या.

मग वर्गाच्या फरशीवर खडूने एक-एक मीटरच्या चौकटी आखा. आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद खोलीत ४८ चौकटी बसतात. पाऊस २० मिलिमीटर पडला असेल तर ४८ × २० = ९६० लिटर, म्हणजे एक हजार लिटरची टाकी जवळपास भरली. छप्पर उतरते असेल तरी त्याखालची जमीनच मोजायची, कारण पाऊस वरून पडतो आणि उताराची लांबी इथे उपयोगाची नाही. छप्पर भिंतीबाहेर आले असेल तर तेवढ्या चौकटी वाढवा. हा गुणाकार आता रोज सकाळी नव्या आकड्याने होणार आहे. सरावासाठी वेगळी उदाहरणे शोधावी लागत नाहीत.

घरी करायला मुलाखत द्या. घरातल्या किंवा शेजारच्या वयस्कर माणसाला चारच प्रश्न : सध्या कोणते नक्षत्र चालू आहे? त्या पावसाला काय म्हणतात? या पावसात शेतात कोणते काम करतात? तुम्हाला आठवणारा सगळ्यात मोठा पाऊस कोणता? आई-वडील कामासाठी बाहेरगावी असलेल्या मुलांना शाळेतल्या स्वयंपाकाच्या मावशींशी बोलायला सांगा. ‘घरी कोणी नव्हते’ म्हणून कोणीही दुसऱ्या दिवशी रिकाम्या हाताने बसता कामा नये.

बुधवार : माती आणि मुलाखत

परिसर अभ्यासात जलचक्राचे चित्र मुले पटकन काढतात. पाणी जमिनीत मुरते म्हणजे काय होते, हे मात्र त्या चित्रातून कळत नाही. मापकांच्या बाटल्या सोडून आणखी तीन बाटल्यांचे वरचे भाग घ्या, तोंडाला सुती कापड बांधून उलटे करा आणि खाली पेले ठेवा. एकात काळी माती, दुसऱ्यात मुरमाड, तिसऱ्यात वाळू, प्रत्येकी दोन वाट्या. माती हलकी दाबा, खासकरून कडेला. कोरडी काळी माती कडेपासून सुटलेली असली तर पाणी त्या फटीतूनच खाली जाते आणि ‘काळ्या मातीतून पाणी झटकन जाते’ असा उलटा निष्कर्ष निघतो. प्रत्येकात २०० मिलिलिटर पाणी हळूहळू ओता. दहा मिनिटांनी खालचे पाणी मोजा आणि वजाबाकी करा. वाळूतून बरेचसे पाणी खाली येईल, काळी माती पुष्कळ धरून ठेवेल. ‘बाकीचे पाणी कुठे गेले?’ असे विचारल्यावर कोणीतरी ‘हरवले’ म्हणेल. तेव्हा ती माती हातात घ्यायला द्या.

मराठीच्या तासिकेत मुलाखतींचा पहिला खर्डा. जुलैच्या पूर्वार्धात पुनर्वसू नक्षत्र असते, त्याचा तो ‘तरणा पाऊस’. नंतर पुष्य, त्याचा ‘म्हातारा पाऊस’. एक नक्षत्र साधारण १३-१४ दिवसांचे. वर्गात एकाच नक्षत्राबद्दल दोन वेगळ्या गोष्टी आल्या तर दोन्ही फळ्यावर लिहा, गावागणिक आठवणी वेगळ्या असतात. मुलांचे पहिले लेखन बहुधा ‘आजी म्हणाली... आजी म्हणाली...’ अशा यादीसारखे येते. तिथे शुद्धलेखनाच्या चुकांवर तुटून पडू नका. सांगितलेल्यापैकी सगळ्यात आवडलेली एकच गोष्ट निवडायला लावा आणि तिच्यावर पाच वाक्ये मागा. आजीचे बोल अवतरणचिन्हांत घ्यायचे आणि ते जसे आले तसेच ठेवायचे. ‘पानी लई व्हतं’ हे प्रमाण भाषेत बदलून मुलाच्या हाती परत देणे म्हणजे त्याच्या घरच्या माणसाला लाल शाईने दुरुस्त करणे आहे. मुलाचे स्वतःचे निवेदन प्रमाण मराठीत आणि आजीचे बोलणे आजीच्या भाषेत, हा फरक पाचवीच्या मुलांना चांगला समजतो.

गुरुवार : नकाशा

शाळेच्या आवारात पडलेले पाणी कुठून कुठे वाहते, याचा नकाशा आज काढायचा. सर पडून गेल्यावर बाहेर पडा, विजा चमकत असतील तर अजिबात नको. कागदाच्या होड्या सोडल्या की पाण्याची दिशा आपोआप दिसते आणि मुलेही खूश असतात.

अडचण एकच, पण हमखास येणारी : मुले नकाशाऐवजी चित्र काढतात, त्यात शाळेला दार, खिडक्या आणि झेंडाही असतो. म्हणून बाहेर जाण्याआधी दहा मिनिटे वर्गात द्या. जेवणाचा डबा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि डबा उचलायचा. वरून पाहिले तर डबा असा दिसतो, नकाशात शाळाही अशीच दिसेल. मग चौकटीच्या वहीत एक चौकट म्हणजे दोन मीटर असे प्रमाण घ्या, तीस मीटरचे आवार पंधरा चौकटींत बसते. दोरीला दर मीटरला गाठ आधीच मारून ठेवा. सुतळी वापरू नका, ती भिजल्यावर आखडते आणि मापे चुकतात. ढगाळ हवेत सूर्यावरून दिशा ठरवता येत नाही, तेव्हा शिक्षकांनी मोबाईलच्या होकायंत्रावरून पाहून व्हरांड्यात उत्तरेचा बाण आखून ठेवावा. नकाशात पाणी वाहण्याची दिशा निळ्या बाणांनी दाखवायची, पाणी साचते तिथे ठिपके. साचलेल्या जागांची यादी मुख्याध्यापकांना द्यायची आहे, कारण तिथेच डास होतात.

आजच मराठीच्या तासिकेत मुलाखतीचा दुसरा खर्डा उरकून घ्या.

शुक्रवार : आपला पाऊस आणि इतरांचा पाऊस

आतापर्यंत चार नोंदी जमल्या. त्यांचा चित्रालेख काढा. आधी प्रमाण ठरवा : एक थेंब म्हणजे ५ मिलिमीटर. १२ मिलिमीटरला किती थेंब, यावर वाद होऊ द्या. वर्गाने एकमताने ठरवलेला नियम आलेखाखाली लिहायचा. चारही दिवसांसाठी तोच नियम लागला पाहिजे.

कृषी विभागाच्या महारेन या संकेतस्थळावर तालुक्याचा आणि महसूल मंडळाचा रोजचा पाऊस मिळतो. तो आकडा आपल्या आकड्याशेजारी लिहा. फरक आला तर मापक चुकला असे लगेच म्हणू नका. पावसाळ्यात एका शिवारात सर येते आणि शेजारचे शिवार कोरडे राहते, हे मुलांनी पाहिलेले असते. पाचपैकी एकाच गटाचा मापक रोज वेगळा बोलत असेल, तर मात्र त्याची जागा आणि शून्याची रेघ तपासा.

हवामान विभागाच्या वर्गवारीत २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर म्हणजे हलका पाऊस, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार. मुलांसाठी फळ्यावर १५, ६४ आणि ११५ एवढेच लिहा. मग सातारा जिल्ह्याचा नकाशा उघडा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेकडच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. ढग पश्चिमेकडून येतात, घाट चढताना रिते होतात आणि पलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश राहतो. शेवटी २६ जुलै २००५ चा आकडा सांगा : मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर. भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंमी ४ मिमीवर रेघ मारा आणि मुलांना शेजारी उभे करा. आपल्या बाटलीत शून्याच्या वर साधारण १५० मिलिमीटर मावत असेल, तर ती सहा वेळा भरून वर थोडे उरले असते. मोठ्या आकड्यांची ओळख यापेक्षा चांगली होणे कठीण.

इंग्रजीला एक तासिका पुरे. ‘इट रेन्ड ... मिलिमीटर्स ऑन मंडे’ हा एकच साचा, रिकाम्या जागी आपल्या नोंदी. भूतकाळाचे रूप इथे आपसूक येते. हिंदीत हीच माहिती तीन वाक्यांत बोलून घ्या.

शनिवार : मांडणी आणि नोंदी

सकाळच्या तासिकांत प्रत्येक गटाने तीन मिनिटांत मांडायचे : आठवड्याचा एकूण पाऊस, छपरावरचे एकूण लिटर आणि नकाशातली एक गोष्ट. नंतर सोमवारचा अंदाज उघडायचा आणि आपण किती लिटरने चुकलो, ते वजाबाकीने काढायचे.

आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता-शिकताच होणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदी शनिवारी एका बैठकीत लिहायला घेतल्या तर तीसही मुलांची वाक्ये सारखीच होतात. म्हणून सोमवार ते शुक्रवार रोज सहाच मुले नीट पाहायची आणि त्याच दिवशी लिहायची. ‘गणितात प्रगती चांगली’ या वाक्याने पुढच्या शिक्षकाला काही कळत नाही. ‘पट्टी शून्यापासून वाचतो, पण एकक लिहायला विसरतो’ हे वाचले की सोमवारी त्या मुलाला काय द्यायचे, ते ठरते.

आठवडाभर पाऊसच आला नाही तर काय? जुलैतही उघडीप पडते. तरीही रोज मोजायचे आणि ० लिहायचे. मोजायचे राहून गेले असेल तर आडवी रेघ. ० म्हणजे पाऊस पडला नाही आणि रेघ म्हणजे आपण पाहिले नाही, हा फरक मुलांकडून पक्का करून घ्या. गणितासाठी आकडा हवा असेल तर महारेनवरचा गेल्या आठवड्याचा तालुक्याचा आकडा वापरा आणि तो कुठला, ते शेजारी लिहा. झारीने पाणी घालून मापक वाचायचा सराव करता येईल, पण तो आकडा नोंदवहीत जाऊ देऊ नका.

आठवडा संपला तरी मापक काढू नका. चार मापकांतले पाणी पूर्ण ओतून ते कोरडे करून ठेवा, पाचवा सप्टेंबरअखेरपर्यंत चालू ठेवा. दर सोमवारी मोजणारा गट बदला, जुन्या गटाने नव्याला शून्याची रेघ दाखवून वही सोपवायची. ऑक्टोबरात दशांशाचे प्रकरण काढाल, तेव्हा हीच वही पुन्हा उघडा आणि प्रत्येक मिलिमीटर सेंटिमीटरमध्ये लिहून घ्या.